तिफण तासावर पारखतो, ॲप का नाही?



नवी तिफण आणली की आपण एकदम सगळे रान पेरायला घेत नाही. आधी दोन तासे ओढून पाहतो. चाड्यातून बी सारखे पडते का, नळा तुंबतो का, ते बघतो. बाजारातला वजनकाटासुद्धा तपासून शिक्का मारल्याशिवाय चालत नाही. मग ज्या मोबाईलच्या पडद्यावर आता आमचे पीक नोंदले जाते, तो कोणी तपासला?

१५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आली. लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला. पण नोंदणीच्या पानावरच गाडी अडली तर तो भाव कागदावर राहतो आणि कापूस पडेल किमतीत व्यापाऱ्याकडे जातो. म्हणजे प्रश्न सोयीचा नाही, भावाचा आहे.

तपासणीचे शास्त्र आहे. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा, असे जागतिक मापदंड सांगतो. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने याहून मोठी गोष्ट सांगितली. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्यांना डोळ्यांची उघडझाप जमत नाही, म्हणून केवायसी अडत होती. डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निकाल झाला.

आता आपण काय करायचे? गावोगाव तपासणी करायची. पाच जण बसवा: एक म्हातारा, एक वेचणी करणारी बाई, एक कमी दिसणारा, एक कमी शिकलेला, एक तरणा पोरगा. जेकब नील्सन या जाणकाराने २००० सालीच मांडले की पाच जणांच्या हाती दिले तरी बहुतेक खोटी उघड्या पडतात. भर दुपारी बांधावर, साध्या फोनवर काम सांगा: 'पीक नोंदवा.' मग गप्प बसा. शिकवू नका. बोट कुठे थांबते, कोणता शब्द कळत नाही, रेंज गेल्यावर भरलेली माहिती राहते की पुसते, ते वहीत लिहा. फोनची अक्षरे मोठी करा. बटण पडद्याबाहेर जाते का पाहा. टॉकबॅक लावून डोळे मिटा. फोन 'जतन करा' म्हणतो की नुसतेच 'बटण'?

त्या वह्या घेऊन आपण जिल्ह्याच्या कचेरीत जाऊ. मागणी एकच: कोरडवाहू गावात तपासल्याचा अहवाल दाखवा, मगच सक्ती करा, तोवर कागदी अर्ज चालू ठेवा.

आमच्या कापसात ओल आणि कवडी शोधता ना? आता तुमच्या ॲपातली कवडी आम्ही शोधणार!