धोटा आपला, कापड कोणाचे?



‘स्टार्टअप’ हा शब्द हल्ली खेड्यातही ऐकू येतो. नवी कल्पना घेऊन, जोखीम पत्करून काढलेला होतकरू धंदा, एवढाच त्याचा साधा अर्थ. केंद्र सरकारने १६ जानेवारी २०१६ रोजी अशा धंद्यांसाठी योजना सुरू केली. महाराष्ट्रानेही २०१८ साली आपले धोरण आखले. आता जो तो विचारतो, आमचे शहर अशा धंद्यांचे केंद्र कधी होणार? आज आपण भिवंडीपुरते या प्रश्नाकडे पाहू.

खरे सांगायचे तर भिवंडीला धाडस शिकवायला नको. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेकडचे विणकर इथे आले आणि हातमाग चालू लागले. १९३० नंतर यंत्रमाग आले. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरण्या थंडावल्या, तेव्हा विणकाम इकडे वळले. गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊन, दुरुस्त करून, इथल्या माणसांनी कारखाने थाटले. याला धाडस नाही तर काय म्हणावे?

मग घोडे अडले कुठे? पुष्कळ मागवाले मजुरीवर विणतात. सूत व्यापाऱ्याचे, कापडही त्याचेच. माग सुधारला तरी वाढीव नफा दुसऱ्याच्या घरी जाणार. मग सुधारणा करायची कोणी आणि कोणत्या भांडवलावर? जगात बिनधोट्याचे माग आले. इथे मात्र कितीतरी ठिकाणी जुनाच धोटा खडखडत राहिला.

आता गोदामांचे पाहा. मुंबई जवळ, नाशिकचा हमरस्ता दाराशी. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, मानकोली, दापोडे या गावांत भाताची खाचरे होती, तिथे गोदामे उभी राहिली. माल देशभरचा, पण गावच्या पोराच्या वाट्याला बहुधा पहारा आणि हमाली. म्हणजे पुन्हा तीच गत: हात आपले, माल दुसऱ्याचा!

बंगळूरचे नाव आज सर्वांच्या तोंडी आहे. पण तिथे १९०९ साली विज्ञानसंस्था स्थापन झाली, १९४० साली विमानांचा कारखाना निघाला. आधी विद्या रुजली, कसबी माणसे तयार झाली. धंद्यांची गर्दी नंतरची. नुसती पाटी लावून केंद्र होत नाही, मंडळी.

म्हणून भिवंडीने दुसऱ्याची नक्कल करू नये. आपल्याच अडचणीतून धंदा काढावा. कापडातला दोष मागावरच कसा पकडावा? माल पोचवून परतणारी रिकामी गाडी कशी भरावी? हे प्रश्न इथलेच, त्यांची उत्तरेही इथेच सापडतील. मात्र त्याला तंत्रशिक्षण हवे, स्वस्त कर्ज हवे, आणि उत्तर शोधणाऱ्याचा नफ्यात वाटा हवा.

गुरुजनांना एक विनंती. वर्गातल्या मुलांना एकदा माग आणि गोदाम दाखवायला न्या. परत आल्यावर फक्त निबंध लिहून घेऊ नका. विचारा, “तिथे काय अडत होते? तू असतास तर काय केले असतेस?” ज्या मुलाला हा प्रश्न रात्री झोपू देणार नाही, तोच उद्याचा उद्योजक, बरं का!