बाविसावें दार

इंद्रलोकांतील आमच्या इमारतीचे हिशेब एका लिनक्स संगणकावर असतात. परगांवचे सभासद ते तेथूनच घेतात. संगणकाचीं जाळ्यावर जीं दारें, त्यांस पोर्ट म्हणतात. त्यांचे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात.

जुन्या एफटीपी पद्धतींत २१ व्या दारानें परवलीचा शब्द उघडाच जातो, आणि फाइलींसाठीं आणखी दारें मोकळीं ठेवावीं लागतात. हेल्सिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरीस गेले, तेव्हां टाटू इलोनेन यांनीं १९९५ सालीं एसएसएच रचलें. त्याचें दार २२. त्यावर चालणाऱ्या एसएफटीपींत ओळख आणि फाइली या एकाच दारानें, सांकेतिक रूपांत जातात.

परंतु क्रम चुकूं नये. मीं पुण्याहून 'यूएफडब्ल्यू' हा पहारेकरी बसविला, आणि २२ ला मुभा द्यावयास विसरलों. दुसऱ्या दिवशीं मलाच मज्जाव! भाईंदरला येऊन संगणकापुढें बसलों, तेव्हां वाट मोकळी झाली.

म्हणून आधीं २२ ला मुभा, मग पहारा; नंतर दुसऱ्या खिडकींतून प्रवेश करून पाहावा, आणि तोंवर पहिली मिटूं नये. शेवटीं परवलीच्या शब्दाऐवजीं किल्लीची जोडी वापरावी. शेजाऱ्यांनीं विश्वासानें सोंपविलेले हिशेब आहेत. एवढी दक्षता आपण घेतलीच पाहिजे.