घरगुती चित्रपटांतील आवाजाचें माप

नागपूरच्या नैर्ऋत्य भागांत, खामल्याच्या शेजारीं वसलेल्या प्रतापनगरांतील एका घरीं आजीच्या वर्षश्राद्धास सारें आप्तमंडळ जमलें होतें. जेवणें आटोपलीं, पानसुपारी झाली, आणि नातीनें मोठ्या हौसेनें तयार केलेला एक चित्रपट दिवाणखान्यांतील टीव्हीवर लावला. गेल्या कित्येक वर्षांत घरच्या निरनिराळ्या माणसांनीं मोबाइलवर टिपलेलीं दृश्यें तिनें त्यांत एकापुढें एक जोडलीं होतीं.

प्रारंभीं धाकट्या काकांच्या लग्नाची वरात आली. बँड आणि संदल यांचा असा कांहीं गजर उठला कीं खिडक्यांचीं तावदानें थरथरलीं. कोणीतरी घाईनें रिमोट उचलून आवाज खालीं आणला. लगेच पुढचें दृश्य सुरू झालें. वैशाखांतील दुपार, खिडकींत घरघरणारा कूलर, आणि चिकाचें पातेलें पुढें घेऊन कुरडयांची कृति सांगणारी आजी. गहू तीन दिवस भिजवावे, पाणी रोज बदलावें, येथपर्यंत ऐकूं आलें. पण चीक शिजवतांना पाणी किती घालावें, हें ती सांगूं लागली तेव्हां तिचे ओठ तेवढे हललेले दिसले. आईच्या हातच्या कुरडया कधींच साधल्या नाहींत म्हणून दरवर्षीं हळहळणारी आत्या पुढें सरकून म्हणाली, “आई काय म्हणाली ग?” “थांबा आत्या, मागें नेतें,” असें म्हणून नातीनें दृश्य पुनः दाखविलें व आवाज पुष्कळ वाढविला; तों तान्ह्या पोळ्यांतील मुलांचा कल्लोळ कानठळ्या बसवीत येऊन आदळला. त्यानंतरचा सारा वेळ घरच्या मंडळींचें लक्ष पडद्यापेक्षां रिमोटकडेच अधिक होतें.

हा प्रकार एका घरचा नव्हे. मोबाइल हातीं आल्यापासून घरोघर बारशीं, मुंजी, लग्नें, महालक्ष्म्या यांचीं चलच्चित्रें सांठत आहेत, आणि तीं जोडण्याचें कामहि आतां मुलेंमुलीच करतात. चित्रें जोडतांना डोळे सावध असतात. कानांकडे मात्र दुर्लक्ष होतें. वस्तुतः मळकट चित्र मनुष्य सहन करतो, परंतु न ऐकूं येणारें बोलणें म्हणजे न बोललेलेंच होय.

आवाजांत एवढी विषमता येते कोठून? पहिलें कारण अंतर. उघड्या जागेंत ध्वनीच्या उगमापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं त्याची पातळी सुमारें ६ डेसिबलनीं उतरते. म्हणजे एका हातावरून बोलणारा आणि आठ हातांवरून बोलणारा यांच्यांत केवळ अंतरापायीं १८ डेसिबलचा फरक पडतो. घरांत भिंतींवरून ध्वनि परत फिरत असल्यामुळें हा फरक कांहींसा कमी होतो, इतकेंच. म्हणूनच ज्याच्या हातीं मोबाइल असतो त्याची “वा! वा!” सर्वांत मोठी उमटते आणि ज्या व्यक्तीसाठीं दृश्य टिपलें तिचें बोलणें सर्वांत क्षीण. दुसरें कारण यंत्राचें स्वतःचें शहाणपण. अनेक मोबाइलांत अशी योजना असते कीं मोठा आवाज आला तर यंत्र आपली ग्रहणशक्ति आपोआप कमी करतें आणि शांतता झाली कीं वाढवितें. त्यामुळें आजी दोन वाक्यांच्या मधें थांबली कीं कूलरची घरघर फुगून वर येते. उन्हाळ्यांत जेथें पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, त्या नागपुरांत कूलर बंद करून कोणी चित्रीकरण करील ही अपेक्षाहि व्यर्थ आहे.

आतां डेसिबल म्हणजे काय, हें थोडक्यांत समजून घेणें अवश्य आहे. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नांवावरून पडलेलें हें परिमाण दोन पातळ्यांमधील प्रमाण दर्शवितें. तें शेर-पायलीप्रमाणें सरळ वाढत नाहीं. साधारणतः १० डेसिबलची वाढ झाली कीं कानास आवाज दुप्पट झाल्यासारखा भासतो. संगणकाच्या मोजणींत सर्वांत वरची मर्यादा शून्य धरतात आणि तिच्याखालील सारे आवाज उणे आंकड्यांनीं लिहितात. शून्याच्या वर ध्वनि गेला कीं त्याच्या लाटांचे माथे छाटले जातात व आवाज फाटतो. असा फाटलेला आवाज मागून खालीं आणला तरी त्याचें मूळ रूप परत येत नाहीं.

नातीनें आवाज सारखा करण्याचा प्रयत्नच केला नव्हता, असें मात्र नाहीं. संकलनाच्या सॉफ्टवेअरमधील “नॉर्मलाइझ” ही आज्ञा तिनें प्रत्येक तुकड्याला दिली होती. तथापि ती आज्ञा शिखराची होती; म्हणजे तुकड्यांतील सर्वांत उंच बिंदु शोधून तो ठराविक मर्यादेस नेऊन ठेवणारी. आजीच्या दृश्यांत मधेंच कोणाच्या तरी हातून पातेल्याचें झांकण फरशीवर पडलें होतें. तो खणखणाट एका क्षणाचा, पण त्याचें टोक वरच्या मर्यादेस टेकलेलें. यंत्रानें तें टोक पाहिलें, ‘येथें वाढीस जागाच नाहीं’ असा निर्णय दिला, आणि आजीचें बोलणें होतें तेथेंच तळाशीं राहिलें. वरातीच्या तुकड्याचें शिखरहि तेवढेंच होतें. कागदावर दोन्ही तुकडे समान, आणि कानाला मात्र एक गडगडाट व दुसरी कुजबूज! एका ताडाच्या झाडावरून साऱ्या रानाची उंची ठरवावी, त्यांतलाच हा प्रकार झाला.

तेव्हां मोजावयाचें तें शिखर नव्हे, तर कानाला होणारा एकंदर भास. हा प्रश्न घरगुती संकलकांच्या पूर्वीं नभोवाणीस पडलेला होता. गायक, वाद्यमेळ आणि वक्ता हे एकामागून एक आले तरी श्रोत्याला उठून बटण फिरवावें लागूं नये, ही नभोवाणीची जुनी काळजी. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें कीं मनुष्याचा कान सर्व स्वरांना सारखें मानीत नाहीं. विशेषतः आवाज हळू असतां खर्जांतील ध्वनि त्याला फारच कमी ऐकूं येतात. १९३९ च्या सुमारास अमेरिकेंत बेल प्रयोगशाळा आणि तेथील दोन मोठ्या नभोवाणी संस्था यांनीं मिळून व्ही. यू. मीटर नांवाचें मापक ठरविलें. त्याचा कांटा क्षणिक टोकांच्या मागें धांवत नसे. कानाप्रमाणें थोडा सावकाश चाले. १९४८ सालीं नागपुरांत ऑल इंडिया रेडिओचें केंद्र सुरू झालें, तो काळहि नियंत्रकानें मापकावर नजर ठेवून हातानें आवाज राखण्याचाच होता.

पुढें २००६ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें बी. एस्. १७७० हें मानक प्रसिद्ध केलें. त्यांत कानाच्या आवडीनिवडीप्रमाणें स्वरांना कमीअधिक वजन देऊन, आवाजाचा एकंदर भास एकाच आंकड्यांत सांगण्याची रीत घालून दिली. त्या आंकड्याचें परिमाण एल्. यू. एफ्. एस्. या अक्षरांनीं ओळखलें जातें. २०१० सालीं युरोपांतील नभोवाणी संघानें आपल्या कार्यक्रमांसाठीं उणे २३ ही पातळी ठरविली आणि मोजतांना मधल्या शांततेला वगळण्याची सोय केली. अमेरिकेंत तर कार्यक्रमापेक्षां जाहिराती मोठ्यानें ओरडतात या तक्रारीवरून त्याच वर्षीं कायदा करावा लागला व २०१२ च्या डिसेंबरांत तो अंमलांत आला. यूट्यूबहि सुमारें उणे १४ पेक्षां मोठा असलेला आवाज आपण होऊन खालीं आणतें. एकेकाळीं मोठ्या संस्थांपाशींच असलेलें हें माप ऑडॅसिटी, शॉटकट यांसारख्या विनामूल्य सॉफ्टवेअरमुळें आज कोणाच्याहि घरीं उपलब्ध आहे. आज्ञा देतांना शिखराच्या ऐवजीं “लाउडनेस” हा पर्याय निवडला म्हणजे झालें.

परंतु माप हातीं आलें तरी कोणाला कोणाच्या बरोबरीस आणावयाचें हा विवेक माणसालाच करावा लागतो. घरच्या चित्रपटांत प्रमाण मानावें तें माणसाचें बोलणें. आणि त्यांतहि ज्याचा शब्द गमावून चालणार नाहीं अशा व्यक्तीचें. प्रथम तिच्या बोलण्याचा तुकडा घ्यावा. त्यांतील झांकणाचा खणखणाट, टाळी, खोकला असे क्षण शोधून तेवढेच हातानें खालीं उतरवावे. मग तो तुकडा उणे १८ च्या पातळीस न्यावा. बोलण्याचे इतर सारे तुकडे, एकेक वेगळा घेऊन, त्याच पातळीस आणावे. एकाच तुकड्यांत काका जवळून आणि आजी दुरून बोलत असेल, तर काकांचें वाक्य तेवढें उतरवावें व आजीचें चढवावें. उरलेली किरकोळ चढउतार काँप्रेसर या साधनानें दोनास एक किंवा तीनास एक अशा सौम्य प्रमाणांत आवरतां येते. तें प्रमाण फार वाढविलें तर बोलणें गुदमरल्यासारखें होतें.

बोलणें स्थिर झाल्यावरच वाद्यांकडे वळावें. येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे: समान म्हणजे सपाट नव्हे. वरात आणि कुजबूज एकाच आंकड्यास आणली तर वरातींतला प्राणच जातो. संदलचा गजर बोलण्याहून मोठाच वाटला पाहिजे. मात्र तो तीन-चार डेसिबलनीं मोठा असावा, वीसांनीं नव्हे. बोलण्याच्या मागें जें संगीत घालावयाचें, तें बोलण्याहून पंधरा ते वीस डेसिबलनीं खालीं ठेवावें आणि तें अगदीं शेवटीं घालावें; कारण संगीत आधीं घातलें कीं बोलणें त्याच्याशीं स्पर्धा करूं लागतें. दोन तुकड्यांच्या सांध्यावर एकाचा आवाज मावळत असतां दुसऱ्याचा उगवावा, म्हणजे ठेच लागत नाहीं. सर्वांत शेवटीं लिमिटर लावून उणे १ ही कमाल मर्यादा घालावी, म्हणजे कोणतेंहि टोक फाटणार नाहीं.

यानंतर परीक्षा कानांची. टीव्हीचें बटण एकदां ठरवून संपूर्ण चित्रपट त्याला हात न लावतां ऐकावा; नंतर तोच मोबाइलच्या लहान कर्ण्यावर ऐकावा. जेथें बटणाकडे हात जाईल तेथें दोष आहे असें समजावें. रात्रीं उशिरापर्यंत एकच तुकडा घोळवीत बसल्यानें कान थकतात व फसतात; यास्तव शेवटचा निर्णय दुसऱ्या दिवशीं सकाळीं घ्यावा. ज्यानें संकलन केलें त्याला सारीं वाक्यें पाठ झालेलीं असतात आणि न ऐकूं येणारेंहि ऐकूं येतें, म्हणून घरांतील एखाद्या त्रयस्थ माणसाला ऐकवून पाहावें हें उत्तम.

या उपायांना मर्यादाहि आहेत. आजीचा आवाज १६ डेसिबलनीं वर उचलला तर कूलरहि तितकाच वर येतो. ज्या दोन-तीन सेकंदांत कोणी बोलत नाहीं, तेथील घरघरीचा नमुना यंत्राला दाखवून ती कमी करतां येते. पण ती समूळ काढण्याच्या हव्यासानें आवाज विहिरींतून आल्यासारखा होतो. थोडी घरघर राहूं द्यावी. ती त्या दुपारचीच आहे. खरा उपाय चित्रीकरणाच्या वेळींच होतो. बोलणाऱ्याच्या जवळ जावें, दुरून दृश्य मोठें करून पाहूं नये. कारण तसें केल्यानें चित्र जवळ येतें, आवाज येत नाहीं. दुसरा एखादा मोबाइल ध्वनिमुद्रणासाठीं म्हणून बोलणाऱ्याच्या पुढ्यांत ठेवावा. कूलर पांच मिनिटें बंद ठेवावा. शक्य असल्यास रिकाम्या खोलीचा आवाज दहा सेकंद टिपून घ्यावा; पुढें घरघरीचा नमुना म्हणून आणि सांधे जुळवितांना तो फार उपयोगी पडतो. मूळ चित्रणें तर कधींच पुसूं नयेत. आज जें काढतां आलें नाहीं तें उद्यांच्या साधनांनीं कदाचित् काढतां येईल.

प्रतापनगरांतील त्या नातीनें पुढें चित्रपट पुनः जोडावयास घेतला. मोजून पाहतां आजीचा तुकडा उणे ३४ वर आणि वरात उणे १२ वर निघाली, म्हणजे २२ डेसिबलचें अंतर! तिनें झांकणाचा खणखणाट दाबला, कूलर थोडा उतरविला, आजीला उणे १८ वर आणलें, वरात उणे १४ वर बसविली, आणि तान्ह्या पोळ्यांतील मुलांना त्या दोहोंच्या मधें जागा दिली. नवी प्रत आत्याकडे गेली. आत्यानें ती ऐकली, तेव्हां रिमोट टेबलावर पडलेला होता. वरात वाजत गेली, कूलर घरघरला, आणि आजीचे चार शब्द कोणीहि मागें न नेतां ऐकूं आले: “जितका चीक, तितकंच पाणी.”

त्या वैशाखांत आत्याच्या गच्चीवर कुरडया वाळत पडल्या होत्या.