दारातली गाडी आणि घरातली लाईट

पाऊस लागला की शहापूर-मुरबाडच्या गावांतून एकच प्रश्न फिरू लागतो: फॉल्ट कुठे आहे? लाईट तासाभरात येणार की उद्या, हे त्याच्या उत्तरावर ठरतं. गावातल्या डीपीचा फ्यूज उडाला असेल तर वायरमन आला की काम झालं. पण अकरा केव्हीच्या लाईनवर रानात कुठे सागाची फांदी पडली असेल, जंप तुटला असेल किंवा पिन इन्सुलेटरला केसाएवढा तडा गेला असेल, तर त्याच वायरमनला भर पावसात खांबामागून खांब बघत चालत जावं लागतं. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूच्या श्रोत्यांना हे मी वेगळं सांगायला नको. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी कळवा-पडघा लाईनींवर बिघाड झाला, मुंबईच्या लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि देशभर बातमी झाली. आपल्याकडे तशा सकाळी येतात आणि जातात, कोणी मोजत नाही.

अशा वेळेसाठी आजवर दोन सोयी होत्या. ऐपत बेताची असेल तर इन्व्हर्टर, जरा बरी असेल तर जनरेटर. आता तिसरी सोय दारात उभी राहायला लागली आहे, ती म्हणजे विजेवर चालणारी मोटार. काही गाड्यांमधून वीज बाहेरही काढता येते. या सोयीला ‘व्हेईकल टू लोड’ म्हणतात. गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाला एक अडॅप्टर लावायचा, त्याला एक्स्टेन्शन बोर्ड जोडायचा, की घरातल्यासारखी २३० व्होल्टची वीज मिळते. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीत ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली, ह्युंदाईच्या आयोनिक ५ मध्ये त्याच्याही आधीपासून आहे. मात्र एकाच गाडीच्या सगळ्या मॉडेलांत ती असेलच असं नाही. घेताना शोरूममध्ये स्पष्ट विचारा आणि अडॅप्टर किमतीत धरला आहे का, तेही विचारा.

आता हिशेब. घरात चारपाच एलईडी बल्ब, दोन पंखे, एक लहान फ्रिज, टीव्ही आणि मोबाईल धरले तर सरासरी तीनशे वॅटच्या आत भागतं. दहा तासांना तीन युनिट. आपल्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते आणि प्रत्यक्षात एक-सव्वा युनिट देते, म्हणून ती पहाटे मान टाकते. गाडीची बॅटरी चाळीस युनिटच्या आसपास असते. ती सत्तर टक्के भरलेली असली तर अठ्ठावीस युनिट झाले. त्यातले पंधरा युनिट हात न लावता राखून ठेवायचे. रात्री कोणाला साप चावला, कोणाचे दिवस भरले, तर गाडीने शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा थेट कल्याणला पोचलं पाहिजे, आणि पंधरा युनिटांत ती नव्वद-शंभर किलोमीटर जाते. उरलेल्या तेरा युनिटांत घराचं दीड-दोन दिवस निभतं. किती टक्क्यांवर वीज देणं थांबवायचं हे बऱ्याच गाड्यांत आधीच ठरवून ठेवता येतं. ते ठरवून ठेवाच, क्रिकेटची मॅच चालू असताना कोणी उठून टक्के बघत नाही.

दोन पंख्यांसाठी मात्र रात्रभर गाडी जोडून ठेवू नये. वीज देत असताना गाडीची स्वतःची यंत्रणा जागी राहते आणि तीही वीज खाते. त्यापेक्षा संध्याकाळी चार तास गाडी लावावी. तेवढ्यात फ्रिज गार होतो, वाटण होतं, अर्ध्या एचपीच्या मोटरने टाकी भरते, इन्व्हर्टरमध्येही थोडी भर पडते. मग गाडी बंद करून रात्रीचा पंखा इन्व्हर्टरवर टाकावा. थोडक्यात, गाडी आली म्हणून इन्व्हर्टर भंगारात काढू नका.

जनरेटरचं काय? लहान पेट्रोल जनरेटरवर कमी लोड असला तरी तो तासाला साधारण अर्धा लिटर पितो. दहा तासांचे पाच लिटर, म्हणजे पाचशे रुपये, आणि त्यात वापरले तीन युनिट. घरच्या मीटरवरून भरलेलं युनिट अगदी वरच्या टप्प्याच्या दराने धरलं आणि वाटेतली गळती मिळवली, तरी पंचवीस रुपयांच्या आसपास बसतं. शिवाय जनरेटर आठ महिने कोपऱ्यात पडून असतो, कार्बोरेटरमधलं पेट्रोल चिकट होतं, आणि नेमक्या पहिल्या वादळाच्या रात्री दोरी ओढून ओढून खांदा दुखायला लागतो. तो पावसात भिजू नये म्हणून लोक पडवीत आणतात, हे फार वाईट. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. जनरेटर घरापासून लांब, खिडक्यांकडे पाठ करून, स्वतःच्या छपराखाली असावा. गाडीचा हा धोका नाही. आवाजही नाही.

एवढं ऐकून कोणाला वाटेल, जनरेटर विकून टाकावा. विहिरीवर तीन एचपीची थ्री-फेज मोटर असेल तर ती चालवणारा जनरेटर अजिबात विकू नका. गाडीतून मिळते सिंगल-फेज वीज, तीही तीन-साडेतीन किलोवॅटपर्यंत, आणि मोटर सुरू होताना चालू असतानाच्या पाच-सहा पट करंट ओढते. पोल्ट्रीवाल्यांचं गणित आणखी वेगळं आहे. हजार पिल्लांच्या ब्रूडरला एक ते दोन किलोवॅटचे बल्ब लागतात, तेवढं गाडी देते. पण दीड किलोवॅट धरला तरी तेरा युनिट नऊ तासांत संपले. पिल्लं लहान असताना लाईट दोन दिवस गेली तर तिथे डिझेलच धावून येणार.

गाडीची मोठी अडचण तांत्रिक नाहीच. लाईट जाते तेव्हा ती घरी असेल का? आपल्याकडचा नोकरदार सकाळी गाडी आसनगाव नाहीतर वाशिंद स्टेशनला लावतो आणि कसारा लोकलने निघून जातो. दुपारी घरी लाईट गेली की गाडी स्टेशनच्या पार्किंगमध्ये भरल्या पोटी उभी आणि घरी म्हातारी माणसं घामाने निथळत. मुरबाडला रेल्वेच नाही, तिथला माणूस गाडी कल्याणपर्यंतच नेतो. म्हणून मी म्हणेन, फक्त बॅकअपसाठी बारा-पंधरा लाखांची गाडी घेणं हा वेडेपणा आहे. रोजच्या फिरण्यासाठी ती घेणारच असाल, तर मात्र वीज बाहेर देणारी घ्या.

साठवलेली वीज ही कल्पना शहापूर तालुक्याला नवी नाही. चोंढ्याला जाऊन बघा. घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाचं खालचं धरण तिथे आहे आणि वरचं सह्याद्रीच्या माथ्यावर, अकोले तालुक्यात. मागणी कमी असते तेव्हा खालचं पाणी पंपाने चारशे मीटरहून जास्त उंच चढवायचं आणि मागणी वाढली की तेच पाणी सोडून वीज काढायची. १२५ मेगावॅटचे दोन संच २००८ मध्ये सुरू झाले. चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत मिळत नाही, तरीही प्रकल्प परवडतो, कारण नड असते त्या घटकेला वीज हाताशी येते. दारातल्या गाडीचाही हिशेब याच जातीचा आहे. जपानमध्ये २०१९ च्या सप्टेंबरात चिबा भागात वादळाने वीज गेली, तेव्हा निस्सानने आपल्या लीफ गाड्या तिथल्या सार्वजनिक ठिकाणी नेऊन पंखे, फ्रिज आणि फोन चालवायला वीज पुरवली होती.

आता जरा कान देऊन ऐका. कितीतरी घरांत दोन्ही टोकांना प्लग असलेली एक वायर असते. तिचं एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटला, की सगळं घर उजळतं. घाईत मेन स्विच बंद करायचा राहिला तर ती वीज मीटरमधून उलटी डीपीकडे जाते. जी डीपी अकरा हजार व्होल्टचे २३० करून आपल्याला देते, तीच उलट्या बाजूने २३० चे अकरा हजार करते. बहुतेक वेळा शेजाऱ्यांचा लोड अंगावर येऊन जनरेटर गुदमरतो आणि अनर्थ टळतो. पण लाईन मध्येच तुटलेली असेल तर तो लोड नसतो, आणि त्याच लाईनवर परमिट घेऊन चढलेला वायरमन असतो. जनरेटर असो वा गाडी, घराच्या वायरिंगला जोडायची असेल तर चेंजओव्हर स्विच बसवाच, तोही लायसनवाल्या वायरमनकडून. नाहीतर सरळ एक्स्टेन्शन बोर्डावर हवी ती उपकरणं चालवा.

त्याच माणसाकडून अर्थिंगही तपासून घ्या. गावाकडे बऱ्याच घरांत अर्थिंगची वायर खड्ड्यापर्यंत पोचतच नाही. बल्ब-पंखा त्यावरही चालतो, पण गाडीचा चार्जर अर्थिंग मिळालं नाही की भरायलाच नकार देतो. व्होल्टेज १७० वर आलं तर तो रखडतो किंवा बंद पडतो. आणि घरच्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर चाळीस युनिटची गाडी भरायला बारा-पंधरा तास लागतात. तेव्हा हवामान खात्याने इशारा दिला की आदल्या रात्रीच गाडी लावून ठेवायची, आभाळ भरून आल्यावर नाही.

एक गोष्ट मात्र यातलं कुठलंच साधन देत नाही. लाईट लांबली की मोबाईल टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, आणि तिथे डिझेल पोचलं नाही की रेंज जाते. तुमचा फोन गाडीवर शंभर टक्के चार्ज झालेला असेल आणि फॉल्ट कुठे आहे हे विचारायला तो लागणार नाही. म्हणून आपल्या भागाच्या वायरमनचा नंबर लिहून ठेवाच, पण सबस्टेशनचा रस्ताही घरातल्या एकाला तरी माहीत असू द्या.