रसायनशास्त्राची विद्यार्थिनी आणि तिची शिदोरी

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम. रसायनशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. तथापि आपल्या समाजातील मुली आज या विषयात एम.एस्सी. करीत आहेत. त्यांच्या पुढील वाटचालीविषयी चार शब्द बोलावेत, असे वाटते.

प्रथम एका विदुषीचे स्मरण करू. कमला भागवत, म्हणजेच पुढील काळातील डॉ. कमलाबाई सोहोनी. त्यांचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ; बंगळूरच्या टाटा विज्ञानसंस्थेत शिकलेले. लोकसाहित्याच्या थोर अभ्यासक दुर्गाबाई भागवत या त्यांच्या भगिनी. घरातूनच विद्येची अशी शिदोरी लाभलेल्या कमलाबाई १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्यांनी त्याच संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून नकार दिला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्षाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करीत असता, पेशींच्या श्वसनास आवश्यक असलेले 'सायटोक्रोम सी' वनस्पतींतही असते, हे त्यांनी दाखविले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळविली. आपल्या स्वयंपाकघरात बटाट्याला मज्जाव असला, तरी एवढे ऋण मान्य करावयास हवे!

त्यांच्या संशोधनाचे विषय पाहा: दूध, कडधान्ये, नीरा. विद्या परदेशी प्रयोगशाळेत मिळविली, परंतु दृष्टी सामान्य माणसाच्या ताटावर राहिली. घरचे संस्कार आणि विज्ञान यांची सांगड ती हीच.

आपल्या जिल्ह्याची परंपरा कापडाची. 'पेरिप्लस' या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक ग्रंथात, तगर म्हणजे आपल्या तेरहून भडोच बंदरास जाणाऱ्या मलमलीचा उल्लेख आहे. त्या व्यापाराचा वारसा सांगणारे आम्ही आजही ग्राहकाला "रंग पक्का आहे" असे सांगतो. तो का पक्का, हे मात्र जाणत नाही. मला ते एका विद्यार्थिनीने शिकविले. थोरल्या बहिणीचा बस्ता बांधण्यासाठी ती वडिलांसमवेत दुकानी आली होती. येथील विद्यापीठ उपपरिसरात ती रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला होती. ती म्हणाली, "काका, रिॲक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंधाने जोडला जातो, म्हणून धुण्यात टिकतो. डायरेक्ट रंग तंतूला नुसता धरून असतो, तो हळूहळू उतरतो." चाळीस वर्षांच्या व्यापारात मला हे कोणी सांगितले नव्हते.

मी तिच्या वडिलांस म्हणालो, "हिला पीएच.डी. करू द्या." ते म्हणाले, "शेठजी, बुद्धी आहे, इच्छाही आहे. पण बाहेरगावी सूर्यास्तापूर्वी जेवण कोण देणार? प्रयोग अर्ध्यावर सोडून येता येत नाही." मुलगी हळूच म्हणाली, "डबा वेळेवर आला, तर मी प्रयोगशाळेबाहेर बसून जेवीन."

बंधु-भगिनींनो, तिचा मार्ग एका डब्यापाशी अडला आहे. तिला नियम मोडावयाचा नाही आणि अभ्यासही सोडावयाचा नाही. वडिलांची काळजीही खोटी नाही. मग ही अडचण दूर करणे हे समाजाचे कर्तव्य ठरते. छत्रपती संभाजीनगर, पुणे, मुंबई येथे आपले साधर्मी बांधव आहेत. त्यांच्या सहकार्याने संशोधन करणाऱ्या मुलींच्या निवासाची आणि दिवस मावळण्यापूर्वी पोचणाऱ्या डब्याची व्यवस्था ट्रस्टने या सुवर्णमहोत्सवी वर्षात करावी, अशी माझी नम्र सूचना आहे. पहिल्या विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या डब्याचा खर्च मी आनंदाने देईन.

ज्ञानदान आणि आहारदान ही दोन्ही दाने आपल्या परंपरेने श्रेष्ठ मानली आहेत. येथे ती दोन्ही एकाच डब्यात घडणार आहेत. विश्वस्त मंडळाने विचार करावा, ही विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय जिनेंद्र.