माहेरचा वांटा



ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें जमिनीच्या वांटणीचा विषय काढावा, हें कित्येकांस रुचणार नाहीं. तरी तो मी काढणार.

मृत्युपत्रावांचून वारलेल्या ख्रिस्ती पित्याच्या मिळकतींत, विधवेच्या तृतीयांशानंतर, १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानें मुलगा व मुलगी यांस समान वांटा दिला आहे. त्रावणकोरांत मात्र १९१६ च्या कायद्यान्वयें मुलीस पुत्राच्या वांट्याचा चतुर्थांश किंवा ५,००० रुपये, यांपैकीं जें कमी तेंच मिळे. श्रीमती मेरी रॉय यांनीं दाद मागितली, आणि १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निर्णय दिला. आपल्याकडे तसला कायदा नसतांही तेंच घडतें! बापाचा महिना होतो न होतो तोंच बहिणीपुढें हक्कसोडपत्र येतें. सही न केल्यास माहेरचें दार बंद होईल, हें ती जाणते, म्हणून करिते. यास कोणी स्वखुशी म्हणतात. मी म्हणत नाहीं. “लग्नांत सोनें दिलें” असें सांगणाऱ्यानें त्या सोन्याची किंमत व आजचा गुंठ्याचा भाव एकदां शेजारीं मांडून पाहावा.

सलाफहादाच्या पांच मुली मोशेपुढें उभ्या राहिल्या, तेव्हां परमेश्वरानें त्यांचें म्हणणें रास्त ठरविलें. त्यांस भाऊ नव्हता, हें मला ठाऊक आहे. पण भाऊ असणें हा बहिणीचा अपराध थोडाच आहे?

ज्या घरीं दस्तऐवज अद्याप व्हावयाचा आहे, तेथील भावांनीं कचेरींत जाण्यापूर्वीं बहिणीस एकटीला, काका-मामा जवळ नसतां, तिची इच्छा विचारावी. आणि “हवा” म्हणाली, तरी सणास तिला पूर्वींप्रमाणेंच बोलावणें धाडावें.