टोमॅटोचं क्रेट आणि महिन्याचा किराणा
पुणे जिल्ह्यातल्या खोडद गावच्या दुर्बिणी आकाशातल्या रेडिओलहरी ऐकतात. गावाचे कान मात्र नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे. २०२३च्या जुलैत टोमॅटोचा किरकोळ भाव किलोला शंभरापार गेला. सरकारनं महाराष्ट्रातूनही खरेदी करून १४ जुलैपासून दिल्लीत टोमॅटो ९० रुपयांनी विकला, २० जुलैपासून ७० रुपयांनी. त्या महिन्यात देशातली किरकोळ महागाई ७.४४ टक्के होती, खाद्यपदार्थांची ११.५१.

शहरातल्या घरांनी आमटीत टोमॅटोऐवजी चिंच-आमसूल घालून निभावलं. पण शेतकऱ्याच्या घरीही तेल, साखर, चहापत्ती विकतचीच की! वीस किलोच्या क्रेटला भाव लागला, तर वाण्याची उधारी फिटते. भाव पडला, तर तोडणीची मजुरीही अंगावर येते. किराण्याच्या यादीतून मग आधी खोबरं जातं.